गोधडीला घातलेला घास

तुमच्या अंगावर थंडीत जी गोधडी असते, ती कुणी शिवली, हे सांगता येईल तुम्हाला?

आठवून बघा. आईनं शिवली म्हणाल, तर कुठल्या लुगड्याची? वरचा थर कुठला, आतला कुठला? नाही ना सांगता येत? गेल्या महिन्यात पुण्यात तिबेटी निर्वासितांच्या मदतीसाठी सभा होती. तिथं मी उठून हाच प्रश्न विचारला. पुढच्या रांगेतले एक वकीलसाहेब हसले. मी म्हटलं, "हसा, हसा. हसायला ऊब लागत नाही." मग अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि मला खाली बसवलं. माझं म्हणणं राहूनच गेलं. ते इथं लिहितो. इथं घंटी वाजवायला कुणी नाही.

तसं ते म्हणणं माझं नाही, दिघीच्या छबूबाईचं आहे. ही बाई सत्तावन सालच्या तापात गेली. तिचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. दिघीत टेकडीखाली तिचं दोन खणांचं घर होतं. पन्नास साली नवरा भिमाजी मरून नऊ वर्षं झालेली. होतं ते रान दुसऱ्या लढाईत लष्कराच्या तारेआड गेलं. दुसऱ्यांच्या गोधड्या ती लग्न होऊन आल्यापासून शिवायची, आता तेच पोट झालं. दिघी, भोसरी, मोशीपर्यंत तिचं काम होतं. लोक जुनी लुगडी आणून टाकायचे आणि गोधडी घेऊन जाताना पायलीभर ज्वारी घालायचे. त्यावर तिनं पोरगा वाढवला.

तिची एक रीत होती. तीन कोपरे ती आधी बंद करायची. चौथा शेवटपर्यंत उघडा. काठापासून दोरा घालत घालत, गोल फिरत मधोमध आली की मग त्या उघड्या कोपऱ्यात चिमूटभर ज्वारी टाकायची आणि तोंड शिवून घ्यायची. याला ती 'घास' म्हणायची. तिच्या आईनं, आईच्या आईनं हेच केलेलं. "उपाशी गोधडी ऊब देत न्हाई," असं तिचं म्हणणं. आमच्या भागातल्या निम्म्या गोधड्या तिच्या हातच्या, म्हणजे आम्ही सगळे तो घास अंगावर घेऊनच झोपायचो. लहानपणी मी तो कोपरा बोटांत धरून दाणे चोळायचो, तेव्हा झोप यायची.

तर हा घास लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यापायी झालं. त्यापायी आणि माझ्यापायी.

पन्नास साली कोरियात लढाई पेटली. इकडच्या कोरियनानं तिकडच्या कोरियनाला मारायचं आणि दोघांच्या मागं मोठमोठी राष्ट्रं. एका बंदरात बाँबची जहाजं आणि दुधाच्या भुकटीची जहाजं शेजारी शेजारी लागत होती म्हणतात. घर आधी पाडायचं, मग पडलेल्या घरातल्या पोराला दूध पाजायचं. आपल्या सरकारनं बंदूक पाठवली नाही, दवाखान्याची पलटण पाठवली. याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. त्या पलटणीत छबूबाईचा ज्योतीराम होता. काम स्ट्रेचर उचलायचं. चौथीपर्यंत शिकलेला, तेवीस वर्षांचा, अंगानं काटक. निघताना आईनं त्याच्या वळकटीत एक गोधडी बांधून दिली.

मी त्या दिवसांत खडकीच्या एका कारखान्यातून संपात काढलेला माणूस. शाळा तिसरीत सुटलेली. इंग्रजी डिक्शनरी पुढ्यात घेऊन शिकलेलो. भोसरीत एक वाचनालय चालवायचो, म्हणजे एक बाकडं आणि दोन पेपर. लोक मला 'पुढारी' म्हणत. त्यात मान किती आणि टिंगल किती हे मी कधी मोजलं नाही. छबूबाईची पत्रं मीच वाचायचो, मीच लिहायचो.

एकावन्नच्या फेब्रुवारीत ज्योतीरामचं पत्र आलं. ओट्यावर बसून वाचलं. छबूबाई समोर दोरा ओवत होती आणि तिची थोरली जाऊ कौशल्याबाई शेंगा फोडत होती. पत्र माझ्याकडे आहे, तसंच उतरवतो:

"आये, हितली थंडी आपल्याकडची न्हवं. पितळीतलं पाणी बघता बघता दगड होतं. आमी वरनं माघारी खाली आलो तवा रस्त्यानं सगळा मुलूख पळत होता. डोईवर बोचकी, पाठीवर पोरं. जी बसली ती पुन्यांदा उठली न्हाईत. एक बाई बसलेली दिसली म्हणून मी आणि माझा जोडीदार स्ट्रेचर घेऊन गेलो. बाई गार झाली होती. पाठीवर फडक्यानं बांधलेली पोरगी जिती होती. चार-पाच वर्षांची आसंल. तुझी गोधडी तिला गुंडाळली. रागावू नको. आता आमी तैगू गावात हाय. हितं दवाखान्याशेजारी आनाथ पोरांचं घर हाय, तिला तिथं ठेवलीय. नाव सांगत न्हाई. मी तिला छबू म्हणतो. चारशे पोरं हायत आये, आणि कांबळी येत्यात ती निम्म्यांना पुरत न्हाईत. तुझ्यासारखं शिवणारं हितं कुणी असतं तर."

वाचून झालं. कौशल्याबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. छबूबाई म्हणाली, "रागवू कशापायी? पर एकलीच गोधडी व्हती रं त्याच्यापाशी." मग दोऱ्याला गाठ मारून, "पुढाऱ्या, फुडच्या थंडीला किती म्हयनं?"

"नऊ-दहा."

"मग व्हत्याल."

"काय व्हत्याल?" कौशल्याबाई म्हणाली. "छबे, डोकं ठिकाणावर हाय का? कापडाला कंट्रोल. आपल्या ढुंगणाला चिंधी न्हाई आन् ही निघाली कोरियाला नेसवायला!"

"तुला कुणी बोलावलंय? तू शेंगा फोड."

कौशल्याबाईनं शेंगा फोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपलं जुनं हिरव्या काठाचं लुगडं आणून छबूबाईच्या ओट्यावर आपटलं. "घे. माझं नाव सांगू नगं त्यास्नी. म्हणत्याल दिघीच्या बायका फाटकं धाडत्यात."

कापड खरंच नव्हतं. नवं रेशनवर मिळे, म्हणून जुनंही कुणी सोडत नसे. छबूबाई घरोघर फिरली. मी मोशीपर्यंत गेलो. शिवायला बायका देवळाच्या मंडपात बसू लागल्या. महारवाड्यातून आलेलं कापड देवळाच्या मंडपात आणायला दोन-तीन बायका कुरकुरल्या. मी तिथंच तोंड सोडलं, नको ते बोललो, आणि त्या उठून चालत्या झाल्या. छबूबाई माझ्यावरच उखडली. "भाषण करायचं तर भोसरीच्या बाजारात कर. मला हात पायजे हायती, तुझं त्वांड न्हाई." तिनं सगळं कापड एकत्र उकळलं, एकत्र वाळवलं, एकावर एक थर टाकले. "आता सांगा बरं, कुठला थर कुणाचा?" बायका हसल्या आणि परत येऊन बसल्या.

कापडासाठी आम्ही दोघं पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतही गेलो. सिंधी लोक चार वर्षांपूर्वी तिथल्या बराकींत येऊन राहिलेले. मला लाज वाटत होती, ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडे काय मागायचं. एका म्हाताऱ्या सिंधी बाईनं विचारलं, कशाला पाहिजे? मी सांगितलं. ती आत गेली आणि एक चादर घेऊन आली. म्हणाली, "हमको भी आया था ऐसा माल. एक कंबल में किसी के बाल चिपके थे. मैंने धो के ओढ़ा, क्या करती?" मग छबूबाईचा दंड धरून म्हणाली, "साफ भेजना, बहन. देनेवाला आँख बंद करके देता है. बाँटनेवाला एक एक कोना खोल के देखता है."

छबूबाईला निम्मं कळलं. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "उकळलंय की समदं."

पुण्यातल्या मदत समितीनं मला एक छापील कागद दिला होता. इंग्रजीत नियम. डिक्शनरी घेऊन मी एक एक शब्द लावला आणि मंडपात मोठ्यानं मराठीत वाचला. कापड उकळलेलं असावं. ओल नसावी. गाठोड्यात खाण्याचा कुठलाही पदार्थ घालू नये.

"चिवडा न्हाई का धाडायचा?" कुणीतरी विचारलं. एक बाई आपल्या मनानं गुळाचा खडा बांधून देत होती, तो मी काढायला लावला. माझा रुबाब काय सांगू! इंग्रजी कागद वाचणारा दिघी-भोसरीत मीच.

आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर छबूबाई चौथ्या कोपऱ्यात घास घालत होती.

तिनं काही लपवलं नाही. मलाही काही खटकलं नाही. खाण्याचा पदार्थ म्हणजे गूळ, चिवडा, भाकरी. घास हा गोधडीचा. तो कुणी खातं का? जन्मभर अंगावर घेतलेली गोष्ट माणसाला दिसत नाही, एवढंच म्हणतो.

उलट त्या दिवशी मला तिचं कौतुक वाटलं. कारण ज्वारीऐवजी तिनं साळ घेतली होती. मावळातून कुणाकडून तरी दोन ओंजळी सालासकट भात मागून आणलेला. मी विचारलं, "हे काय नवीन?"

म्हणाली, "ज्योतीनं मागं लिवलं न्हवतं का, तिकडं समदी भात खात्यात म्हणून? भात खाणाऱ्या पोरांच्या गोधडीला जवारी कशी चालंल?"

तीन हात लांब, दोन हात रुंद, पोरांच्या मापाच्या त्रेचाळीस गोधड्या झाल्या. त्रेचाळिसाव्या गोधडीच्या मधोमध तिनं आपल्या लग्नातल्या लाल लुगड्याचा तुकडा लावला. ती त्या पोरीची, ज्योतीरामच्या छबूची. बाकीचं लाल लुगडंही आतल्या थरांत गेलं. भिमाजीचं धोतर गेलं. शेवटी तिची स्वतःची गोधडीही तिनं उसवली आणि आत घातली. जेठात बैलगाडीनं सहा गाठोडी पुण्याला पोचवली. निघण्याआधी मी भोसरीच्या बाजारात खोक्यावर उभं राहून भाषण केलं. दिघीची ऊब कोरियाला, वगैरे. टाळ्या पडल्या.

माल मुंबईला गेला. जहाज नव्हतं म्हणून पावसाळाभर बंदरावरच्या गोदामात पडून राहिला. आश्विनात मला समितीचं कार्ड आलं, भेटून जा. सायकल हाणत पुण्याला गेलो. समितीचे कारकून लक्ष्मणराव म्हणून होते, सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. आमच्यासारख्याला खुर्ची मिळाली की समजावं, काहीतरी वाईट आहे.

त्यांनी टेबलावर एक लिफाफा उलटा केला. आतून गोधडीचा कापलेला कोपरा पडला. त्यातून भुसा सांडला आणि दोन-तीन सोंडे, धान्यातले किडे, चालत निघाले.

"सगळ्या गाठोड्यांत हेच," लक्ष्मणराव म्हणाले. "उंदरांनीही कोपरे कुरतडलेत. शेजारी दुसऱ्या संस्थांची लोकरी कांबळी होती, पुढं धान्याची पोती. तपासणाऱ्यांनी ठेवून घेतलं नाही."

"मग परत द्या. आम्ही नेतो."

"जाळलं हो. नियम आहे. एवढा नमुना पाठवलाय."

मी तिथं टेबलावर मूठ आपटली, आरडाओरडा केला, समितीचा उद्धार केला. लक्ष्मणराव ऐकून घेत होते. माझं संपल्यावर हळूच म्हणाले, "कागदात लिहिलं होतं ना? तुम्हीच वाचून दाखवलंत म्हणालात. पुन्हा शिवा. धान्याशिवाय शिवा. पुढच्या जहाजाला घालू. मी स्वतः घालतो."

पुन्हा शिवा. किती साधी गोष्ट होती.

परत येताना आळंदीच्या रस्त्यावर छबूबाई डोक्यावर सरपण घेऊन भेटली. भारा न उतरवताच म्हणाली, "पुढाऱ्या, पुण्याला गेला व्हतास म्हणं. पोचल्या का रं?"

कोपरा माझ्या खिशात होता.

"पोचल्या," मी म्हणालो.

तिनं तसाच भारा सावरला आणि हसली. पुढचे दोन दात पडलेले होते तिचे.

तिचं मन मोडू नये म्हणून खोटं बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. भोसरीच्या बाजारात खोक्यावर उभा राहिलेला मी होतो. इंग्रजी कागद वाचणारा मी होतो. माझ्या डोळ्यांदेखत घास घातला गेला आणि मला कळलं नाही, हे चारचौघांत कबूल करायला मला जड गेलं. बस, एवढंच. आणि खोटं एकदा बोललं की त्याची निगा राखावी लागते. मी तिच्या पत्राबरोबर ज्योतीरामला वेगळी चिठ्ठी लिहिली. गोधड्या जळाल्या, पण आईला पोचल्या असं कळव, ती खचेल. आईची काळजी कुठल्या पोराला नसते? त्याचं उत्तर आलं, "आये, तुझ्या गोधड्या पोचल्या. छबूला लाल तुकड्याची दिली." मी ते ओट्यावर वाचून दाखवलं. दोनदा. तिनंच दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

त्या हिवाळ्यात ती गोणपाट पांघरून झोपली. घरात चिंधी उरली नव्हती. लोकांचं कापड यायचं त्यातला तुकडाही ती ठेवून घेत नसे. कौशल्याबाई चिडायची, "गोधड्या शिवणारीच्या अंगावर गोणपाट! लोक माझ्या तोंडात शेण घालत्याल."

"मला काय करायचीय? तिकडं त्रेचाळीस जणांनी पांघरलंय की."

ती दोघींतली थट्टा होती. मी शेजारी बसून ऐकायचो.

बावन्नच्या उन्हाळ्यात ती वाचनालयात आली. कधी यायची नाही ती. दारातच उभी राहिली. "पुढाऱ्या, लोक आता वाईच कापड सोडाया लागल्यात. औंदा आनि धाडायच्या का? चारशे पोरं हायती, त्रेचाळिसानं काय व्हतंय?"

यात काय होतं ते तुम्हाला दिसतंय. मला तर लख्ख दिसत होतं. हो म्हणावं तर घास घालू नको म्हणून सांगावं लागणार. का, विचारणार ती. मग लक्ष्मणराव, मग लिफाफा, मग सोंडे.

"नको," मी म्हणालो. "आता अमेरिकेची कांबळी भरपूर गेलीत. जागा नाही ठेवायला."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि गेली.

त्रेपन्नच्या जुलैत लढाई थांबली. चौपन्नच्या मार्चात ज्योतीराम परत यायचा होता. गाडी यायच्या आधीच मी खडकी स्टेशनवर जाऊन उभा राहिलो, आईच्या आधी त्याला गाठायला. वाळला होता. कानाच्या पाळ्या थंडीनं काळ्या पडलेल्या. चहा पिताना मी विचारलं, "ती पोरगी कशी आहे?"

त्यानं बशी खाली ठेवली. "गेली. गेल्या वर्षीच्या जानेवारीत. मी दिलेल्या गोधडीच्या पार चिंध्या झाल्या व्हत्या. एका कांबळ्यात चार-चार पोरं निजायची, कडंचं उघडं पडायचं. छातीत कफ झाला. आमच्या डॉक्टरसाहेबांनी सुया दिल्या, पर येळ झाला व्हता."

गेल्या वर्षीच्या जानेवारीत. म्हणजे छबूबाई वाचनालयाच्या दारात उभी होती, त्याच्यानंतर सात-आठ महिन्यांनी. हिशेब माझ्या डोक्यात तिथंच लागला. तो मी त्याला बोलून दाखवला नाही. वाटेत मी त्याला पुन्हा पढवलं. लाल तुकडा, त्रेचाळीस, पोरांच्या मापाच्या, पोचल्या, पोरगी बरी आहे, शाळेत जाते. तो मान डोलवत होता.

दारात छबूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आत घेतलं. कौशल्याबाईनं त्याला दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. "मेल्या, हाडं तेवढी घिऊन आलास. बाकीचं तिकडंच ठिवलंस व्हय?" सगळे हसले. तो जेवायला बसला. छबूबाई समोर बसून बघत होती. मी उंबऱ्यावर.

"ज्योती," ती म्हणाली, "माझ्या गोधड्या तू हातात घितल्यास न्हवं?"

"घितल्या की."

"कोपऱ्यातला घास तसाच व्हता? का कुणी उसवला?"

"तसाच व्हता आये. मी बोटानं चाचपला. पोरांनाबी दावला. म्हटलं, ही आमच्याकडची जवारी."

सगळं पढवलं होतं मी त्याला. साळीचं सांगायचं राहिलं होतं.

छबूबाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. वर कालवण घातलं. त्याचं जेवण पुरतं होऊ दिलं. मग हात पुसून म्हणाली, "जवारी न्हवती घातली रं म्या. साळ व्हती." आणि ज्योतीरामकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "पुढाऱ्या, माझ्या गोधड्या कुठं हायती?"

मी घरी गेलो, डब्यात जपून ठेवलेला तो लिफाफा घेऊन आलो आणि तिच्या हातात दिला. अडीच वर्षांत सोंडे मरून त्यांचा भुगा झाला होता. तिनं कोपरा उलटसुलट करून पाहिला. "कौशल्येच्या लुगड्याचा काठ. अकरावी हाय ही." मग मी सगळं सांगितलं. ज्योतीरामनंही त्या पोरीचं सांगितलं, खाली मान घालून. कौशल्याबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

मला वाटलं होतं छबूबाई रडेल, ऊर बडवेल, आपल्या हातानं झालं म्हणेल. तसं काही झालं नाही. शब्द शांतपणे आले आणि मला ते अजून चुकवता येत नाहीत.

"जळल्या तर जळल्या. चूक व्हती माणसाकडनं. मला ठावं न्हवतं, तुलाबी ठावं न्हवतं. साळ घालू नगं, येवढंच सांगायचं व्हतं. दुसऱ्या दिशी मंडपात बसले असते म्या. पोरगी जाईस्तवर दोन हिवाळं गेलं, पुढाऱ्या. दोन हिवाळ्यात किती झाल्या असत्या? आन् म्या तुझ्या दारात आले व्हते. इचारायला आले व्हते."

मी म्हणालो, "तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटंल म्हणून?" ती उठून उभी राहिली. "मी वाईट वाटून घ्याया बसले व्हते का तिथं? पोरं गारठत व्हती न्हवं? माझ्या मनाचं तुला कुणी इचारलं व्हतं?"

मग तिनं दार लोटून घेतलं.

त्यानंतर तिची पत्रं वाचायला मला कुणी बोलावलं नाही. पत्र यायचंही कारण उरलं नाही म्हणा, पोरगा घरी होता. मी ओट्यासमोरून जायचो, ती खाली मान घालून दोरा घालत असायची. पण महिन्याभरानं कळलं की ती पुन्हा पोरांच्या मापाच्या गोधड्या शिवतेय. लोकांचं काम संपवून, उरलेल्या वेळात, आलेल्या कापडातून मागून घेतलेल्या तुकड्यांच्या. कौशल्याबाईनं मला रस्त्यात अडवून सांगितलं. "घास घालीत न्हाई. मला म्हणती, उपाशी तर उपाशी, पर पोचू द्या. चौथा कोपरा आला की सवयीनं हात जवारीकडं जातो, मग मागं घेती."

एक झाली की ती ज्योतीरामच्या हाती पुण्याला पाठवायची. लक्ष्मणराव तिथं नव्हते. समितीचं ऑफिसच बंद झालं होतं. लढाई संपली म्हणजे थंडीही संपली असं सगळ्यांनी धरलेलं. ज्योतीराम गोधडी परत घेऊन यायचा, ती घडी घालून ठेवायची, दुसरी सुरू करायची. अशा सात झाल्या. आठवी अर्ध्यात असताना सत्तावनचा ताप आला. घरोघर माणसं आडवी होती. तिला तिसऱ्या दिवशी छातीत धरलं. पलीकडे पिंपरीत पेनिसिलिनचा नवा कारखाना दोन वर्षांपासून चालू होता, परदेशच्या मदतीनं उभा राहिलेला. ज्योतीराम सायकलवर औषध आणायला गेला. येईपर्यंत ती गेली होती. अंगावर गोणपाट होतं. सात गोधड्या उशाशी घडी करून ठेवलेल्या. त्यातली एक घालू का, असं कौशल्याबाईनं विचारलं होतं म्हणे. ती म्हणाली, "त्या पोरांच्या मापाच्या हायती. मला पुरत न्हाईत."

दहाव्याला ज्योतीराम मला बोलवायला आला. कावळा शिवत नव्हता. लोकांनी एक एक इच्छा बोलून बघितली. शेवटी मी पुढं झालो आणि म्हणालो, गोधड्या पोचवीन आणि खरं ते कळवीन. शिवला की नाही ते सांगत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही आणि मी भाषणात तसं सांगतो. पण शब्द दिला तो दिला.

त्या सात गोधड्या आता माझ्या वाचनालयात आहेत. दर उन्हाळ्यात उकळून, वाळवून ठेवतो. आणि आता पेपरात वाचतो की तिबेटातून माणसं पोराबाळांसकट डोंगर उतरून आली आहेत, आसामात छावण्या पडल्यात, पुढं त्यांना थंडीच्या मुलखात वसवणार आहेत. देशोदेशीचे कागद निघाले, समित्या झाल्या, सभा झाल्या, घंट्या वाजल्या. परवा मलाही एक छापील कागद मिळाला. इंग्रजीत आहे. या वेळी तो मी दोन माणसांकडून वाचून घेतला.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणी त्या छावण्यांत जाणार असाल, डॉक्टर, नर्स, शिपाई, हमाल, कुणीही, तर जाण्याआधी भोसरीला या. बाजारात पुढाऱ्याचं वाचनालय विचारा, टिंगल करतील पण दाखवतील. सात गोधड्या घेऊन जा. चारही कोपरे चाचपून घ्या, काही नाही आत. सात पोरांच्या अंगावर घाला. आणि मग मला एक कार्ड टाका. पोचल्या तर पोचल्या म्हणून लिहा. वाटेत भिजल्या, चोरीला गेल्या, कुणी जाळल्या, तर तसंच लिहा. कौशल्याबाई अजून आहे, तिचा हात चालतो, आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसू. फक्त मला वाईट वाटेल म्हणून खोटं लिहू नका.